कणकेचं मांजर

गेल्या दिवाळीत भाच्याने मला नानासाहेबांचा गौरवग्रंथ आणून दिला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर फेटा, आत तोच फेटा वेगवेगळ्या बाजूंनी. मुक्या प्राण्यांविषयी नानासाहेबांना किती कणव होती, हे सांगणारं अर्धं पान त्यात आहे. गावातल्या एका गरीब गिरणीवाल्याची मांजर चिंचेवर अडकली, तेव्हा नानासाहेब तहानभूक विसरून तीन दिवस झाडाखाली बसून राहिले, असं तिथे छापलं आहे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात फारशी चूक नाही. नानासाहेब खरोखरच तीन दिवस झाडाखाली बसून राहिले. तहानभूक तेवढी विसरले नव्हते. चहा आमच्याच चुलीवरून जात होता आणि कपबश्या विसळायला मी होते. गिरणीवाला माझा बाप. मांजर आमची. राग निवल्यावर लिहावं, असं शहाणी माणसं म्हणतात, पण माझी साठी आली. अजून किती वाट बघायची?

आमचं गाव आष्टीच्या अलीकडे. घर आणि गिरणी यांच्यात एकच भिंत होती आणि तिलाही मधे दार. त्यामुळे घरात सगळ्यावर पिठाचा थर असायचा. देवांवर, अंथरुणांवर, मायच्या भुवयांवर. आरसा पुसायचा नाही, त्यावर फुंकर मारायची, अशी आमच्याकडची रीत. अण्णांचं डिझेलचं इंजिन सकाळी सुरू झालं की नळकांड्यावर उपडी घातलेली टिनाची वाटी कुक्‌-कुक्‌-कुक्‌ वाजायला लागायची आणि तो आवाज पार शिवारापर्यंत जायचा. त्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे अण्णा साधं मीठ मागायचे तेही ओरडून. शेजाऱ्यांना वाटायचं, घरात रोज भांडण चाललंय. फक्त नानासाहेब समोर आले की अण्णांचा आवाज एकदम खाली यायचा. इतका, की मला वाटायचं इंजिन बंद पडलं की काय.

गिरणी म्हटली की उंदीर आले, आणि उंदीर आले म्हणून पिठी आली. ती कधी, कुठून आली हे कुणालाच आठवत नव्हतं. तिचा खरा रंगही कुणाला ठाऊक नव्हता. ती कायम पिठाच्या रंगाची असायची आणि अंग झाडलं की तिच्याभोवती छोटासा ढग उठायचा. तिची झोपायची जागा इंजिनाच्या गरम चौथऱ्याला टेकून. एवढ्या दणक्यात कशी झोपते म्हणून दळणाला आलेल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. तिला त्या दणक्याशिवाय झोपच येत नाही, असं माय म्हणायची. त्या वर्षी मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते आणि पिठीने पिठाच्या कोठीमागे जुन्या डालग्यात चार पिल्लं घातली होती. चारही पिल्लांचे डोळे अजून मिटलेले होते. मी दिवसातून दहा वेळा बघून यायचे आणि दहाही वेळा पिठी मला दात दाखवायची.

बाजाराच्या दिवशी परगावची कुत्री बैलगाड्यांमागून येतात. दुपारी त्यांतल्या तिघांनी पिठीला गिरणीच्या दारात गाठलं. ती गिरणीमागच्या चिंचेवर चढली ती चढतच गेली. दोन पुरुष उंचीवर थांबली असती तरी पुरे होतं, पण ती पार शेंड्याखालच्या बेचक्यात जाऊन बसली. मांजराला चढताना नखं कामाला येतात, उतरताना तीच आडवी येतात. संध्याकाळी बाजार उठला, कुत्री गेली, तरी ती उतरेना. एक पाय खाली टाकायची आणि पुन्हा वर घ्यायची.

तेवढ्यात उस्मानचाचा दळण न्यायला आले. उस्मानचाचा बागवान. गावातल्या चिंचा झाडावरच विकत घ्यायचे, स्वतः चढून काठीने झोडपायचे आणि पोती भरून आष्टीला, तीर्थपुरीला न्यायचे. वय पन्नाशीच्या पुढचं, तळपाय सालीसारखे. आमच्या त्याच चिंचेवरून पंधरा दिवसांपूर्वी ते उतरले होते. त्यांनी मान वर करून बघितलं आणि चप्पल काढली.

"अण्णा, एक बोरा दे नि दोरी दे. धा मिनिटाचं काम हाय. हरेक फांदी माझ्या वळखीची हाय."

अण्णा पोतं आणायला वळले आणि नानासाहेबांची खुर्ची आली. आमच्या गावात आधी खुर्ची यायची, मग नानासाहेब. पंचायतीचा शिपाई ती डोक्यावर घेऊन पुढे चालायचा. बारसं असो, बारावं असो, नाहीतर विहिरीत पडलेली म्हैस काढणं असो, खुर्ची जमिनीवर टेकली की तो समारंभ व्हायचा. नानासाहेब कोणत्या पदावर होते, ते मला आजही सांगता येणार नाही. ते अध्यक्ष होते, एवढं नक्की.

"उस्मान, घाई करू नकोस," खुर्चीत बसून ते म्हणाले. "समजा, तू वर गेलास आणि ती बिथरली. समजा, पडली. मग?"

"मंग पडंल. बिल्ली हाय, चार पायावर पडंल."

"आणि मेली तर?"

मांजर हातून मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान करावं लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्या गावात बायकोच्या कानात फुली नव्हती, तिथे सोन्याचं मांजर कोण करणार? त्यामुळे मांजराला काठी मारायची तीसुद्धा शेपटीपासून हातभर लांब, असा रिवाज होता.

"ते तुमच्यात हाय, नानासाब," उस्मानचाचा म्हणाले. "आमच्यात बिल्लीला उपाशी मारली तर गुनाह हाय."

"आम्हाला सर्व धर्मांचा आदर आहे," नानासाहेब म्हणाले आणि हात वर केला. "म्हणूनच तुला चढू देता येत नाही. पाप तुला लागणार नाही, म्हणजे ते गावाला लागेल."

आता वाटतं, त्या क्षणी कुणीतरी हसायला हवं होतं. एक जण जरी मोठ्याने हसला असता तरी पुढचं टळलं असतं. पण लोक माना हलवत होते. हाताने मेलं तर पाप, वर बसून उपाशी मेलं तर त्याचं नशीब. ही वाटणी सगळ्यांना पटली होती. त्यात सोय अशी, की काहीच करायचं नव्हतं. मग नानासाहेबांच्या लक्षात आलं, की इंजिनाच्या दणक्याने फांद्या हलतायत.

"त्या हादऱ्यानं पडली तर हत्या कोणाच्या माथी?" त्यांनी अण्णांना विचारलं. "गिरणीवाल्याच्या."

अण्णा आत गेले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. कुक्‌-कुक्‌ थांबलं. आणि मग, दुपारपासून गप्प बसलेली पिठी वरून पहिल्यांदा ओरडली.

मायने शेळीचं दूध वाटीभर काढलं. शेळी आटत आली होती, तेवढंच निघायचं. कापसाची वात भिजवून मी पिल्लांच्या तोंडात पिळत होते. अर्धं त्यांच्या हनुवटीवरून ओघळायचं. ती वात चोखायची नाहीत, तिच्यावर डोकं घासायची आणि आई शोधायची. त्या चौघांचा आवाज मुंगीएवढा होता, पण आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदाच एवढी शांतता होती, की तो प्रत्येक खोलीत ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी सडा टाकत होते, तर उस्मानचाचा झाडाखाली उभे. खांद्यावर पोतं, कमरेला दोरी. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"बेटी, तू खाली बोऱ्याचं तोंड धरून हुबी राह्य. मी दोरीनं सोडतो. लोक उठायच्या आत खेळ खतम."

मला फक्त हो म्हणायचं होतं. मी काय म्हणाले, ते लिहायला मला आजही हात जड होतो. मी म्हणाले, "अण्णाला विचारून येते."

मी चांगल्या वळणाची मुलगी होते. शाळेत मला वर्तनाचं बक्षीस मिळालं होतं. मी अण्णांना उठवलं. अण्णांनीही तेच केलं जे मी केलं. ते नानासाहेबांना विचारायला गेले. अर्ध्या तासात खुर्ची आली, मागून नानासाहेब आले आणि त्यांच्यामागे दात घासणारं अर्धं गाव आलं. उस्मानचाचा तेव्हा पहिल्या फांदीवर पोचले होते. त्यांना खाली उतरायला लावलं. "चोरासारखा चढून राह्यला," असं गर्दीतून कुणीतरी म्हणालं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याच झाडावर चढून पोट भरलं, त्याला. उस्मानचाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. चप्पल पायात घातली आणि गेले.

मग नानासाहेबांनी तोडगा काढला. प्रायश्चित्त आगाऊ घ्यायचं. मांजर मेल्यावर द्यायचं दान आधीच देऊन टाकलं, की चढणारा मोकळा, मालक मोकळा, गाव मोकळं. सोनं परवडत नाही, तर कणकेचं मांजर करायचं, हळद घालून पिवळं. लोकांनी वाहवा केली. फक्त भटजी जांबला कुणाच्या तरी मुंजीला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी यायचे होते, म्हणून मांजराने दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं, असं ठरलं. ऊन चढत गेलं तसं पिठीचं पीठ वाऱ्याने उडालं आणि ती राखाडी पट्ट्यांची निघाली. "अवो, ही तुमची न्हाईच," शेजारीण मायला म्हणाली. यावरही झाडाखाली तासभर चर्चा झाली. मांजर आमची नसेल तर दान कुणी करायचं? चहा दोनदा गेला. दूध त्यातही गेलं. नानासाहेब कोरा चहा घेत नसत.

पहिलं पिल्लू त्या दुपारी गेलं. दुसरं संध्याकाळी. मायने त्यांना परसात पुरलं आणि वर दगड ठेवला. गिरणी बंद म्हणून गावातल्या बायांनी माळ्यावरची जाती खाली काढली होती आणि तिसऱ्या दिवशी पहाटे घराघरातून घरघर ऐकू येत होती. त्यांच्या शिव्या नानासाहेबांना नव्हत्या, पिठीला होत्या. आमच्याकडे जातंही नव्हतं. गिरणीवाल्याच्या घरात जातं कशाला ठेवायचं? आम्ही हुलगे शिजवून खात होतो. डब्याच्या तळाशी गव्हाची थोडी कणीक होती, ती मायने सणासारखी जपून ठेवली होती.

तीच कणीक लागली. आणि ती पाण्यात मळून चालेना. "दान आहे, दुधात मळा," असा निरोप झाडाखालून आला. वाटीत त्या सकाळचं दूध होतं. मी वाटीवर हात ठेवला. मायने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. दारात अण्णा उभे होते, मान खाली घालून. तिने माझा हात बाजूला केला आणि दूध परातीत ओतलं.

आयुष्यात मी पुष्कळ वाईट गोष्टी बघितल्या, काही याहून फार मोठ्या. पण राग म्हटला की मला ती परात आठवते. मागे कोठीआड दोन पिल्लं ओरडत होती आणि पुढे आम्ही मायलेकी त्यांच्या दुधात मांजर मळत होतो. मायने आयुष्यात भाकऱ्या थापल्या होत्या, मूर्ती नाही. पहिल्यांदा जे झालं ते बेडकासारखं दिसत होतं. डोळ्यांना लवंगा लावल्या, हळदीचा हात फिरवला. ते झाडाखाली गेलं आणि परत आलं. शेपूट आखूड आहे, असं नानासाहेबांचं म्हणणं होतं. आम्ही शेपूट वाढवत होतो तेव्हा तिसऱ्या पिल्लाचा आवाज बंद झाला. मी उठून बघायला गेले नाही. मला कळलं होतं.

भटजी आले, तेही अवघडलेले. "नानासाहेब, आधी प्रायश्चित्त आणि मंग पाप, असं मी कधी केलं न्हाई," ते हळूच म्हणाले.

"कधीतरी प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच होते."

पाटावर केळीचं पान, पानावर ते पिवळं मांजर. अण्णांनी पाणी सोडलं. मग नानासाहेब उभे राहिले आणि भूतदया या विषयावर बोलायला लागले. उस्मानचाचांना बोलवायला शिपाई गेला होता. मला वाटलं, ते येणार नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर आले नसते. ते आले. चप्पल काढली, पोतं खांद्यावर टाकलं आणि कुणाकडेही न बघता चढले. वर एका बेचक्यात पाय रोवून ते पिठीशी काहीतरी बोलले, खाली ऐकू आलं नाही. तिने फिस्कारून त्यांच्या हाताला ओरबाडलं. त्यांनी मानेची कातडी धरली, पोत्यात घातली आणि दोरीने पोतं हळूहळू सोडलं. खाली तोंड धरायला मी उभी होते. या वेळी कुणाला विचारलं नाही. नानासाहेबांचं भाषण तेव्हा प्रास्ताविकातून नुकतं बाहेर पडत होतं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पोत्याचं तोंड सैल केलं तशी पिठी सुटली ती थेट कोठीमागे. मी मागे धावले. डालग्यात एक पिल्लू हलत होतं आणि एक हलत नव्हतं. तिने दोघांनाही सारखंच चाटलं. मग आडवी झाली. जिवंत होतं ते तिला चिकटलं. तीन दिवस पोटात काही नाही, तिच्याकडे तरी दूध कुठून असणार? थोड्या वेळाने ती उठली, पडत-झडत बाहेर गेली, माणसांच्या पायांमधून वाट काढत पाटापाशी पोचली, आणि कणकेचं मांजर खायला लागली. डोक्यापासून. लवंगा तेवढ्या थुंकल्या.

गर्दीत एकच गलका झाला. भटजींनी तोंडावर उपरणं धरलं. मला वाटतं, ते हसत होते. पण नानासाहेबांचा चेहरा कणकेपेक्षा पिवळा झाला. दान उष्टावलं होतं. विधी मोडला होता. आणि नानासाहेबांनी सुरू केलेलं काहीही मोडलेलं चालत नसे.

"हाकला तिला!" ते ओरडले. "दुसरं करा. आत्ताच्या आत्ता. वहिनी, कणीक मळायला घ्या!"

माय दारात उभी होती. हात अजून हळदीचे होते. तिने पदर खोचला. आमच्या घरात ओरडायचं काम अण्णांचं. मायचा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. तो फार मोठा नव्हताच. पण इंजिन बंद होतं, त्यामुळे सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला.

"पीठ न्हाई," माय म्हणाली.

"काय?"

"घरात पीठ न्हाई, नानासाहेब. गिरणी तीन दिवस बंद हाय." आणि मग तिने अण्णांकडे मान वळवली. "अवो, बघून काय राह्यले? इंजन सुरू करा. गाव उपाशी हाय."

अण्णा हलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता, निदान आता. ते नानासाहेबांकडे बघत होते. मग त्यांनी पाटाकडे बघितलं, पिठीकडे. ती आता शेपटाजवळ आली होती, त्याच वाढवलेल्या शेपटाजवळ. अण्णा आत गेले. हँडल फिरवल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन खोकललं, आणि कुक्‌-कुक्‌-कुक्‌ सुरू झालं. नानासाहेबांचे ओठ बराच वेळ हलत होते. ते काय म्हणाले, ते गावाला कधीच कळलं नाही. बाया दळणाचे डबे आणायला पळाल्या. थोड्या वेळाने शिपायाने खुर्ची उचलली.

यावर कुणी म्हणेल, शेवट गोड झाला. नाही झाला. चारांतलं एक जगलं. तीन दगड परसात होते आणि ते तिन्ही माझ्या नावाचे होते. पहिल्या संध्याकाळचं सोडून देते, तो गावाचा मामला. पण दुसऱ्या पहाटे पोत्याचं तोंड मी धरलं असतं, तर गेली ती सगळी पिल्लं त्या घटकेला जिवंत होती. नानासाहेबांवर मी इतकी वर्षं रागावते आहे ते खरं, आणि तो राग त्यांनी पुरेपूर कमावलेला आहे. पण त्यांनी मला ‘विचारून कर’ असं सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन विचारायला गेले होते.

पुढच्या चिंचांच्या दिवसांत उस्मानचाचा आमच्या झाडावर आले. वरून चिंचा पडत होत्या, खाली मी गोळा करत होते. जगलेलं पिल्लू, आता मोठा बोका, पिठाने पांढरा झालेला, बुंध्यापाशी बसून वर बघत होता. चाचा उतरल्यावर मी त्यांना पाणी दिलं. वर्षभर जे बोलायचं होतं ते बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. चाचांनी तांब्या रिकामा केला, बोक्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. त्यांच्या मनगटावर पिठीच्या नखांचा वण अजून होता.

"चाचा, मी अण्णाला सांगायला नको होतं."

"सांगायचं ना, बेटी. बापाला सांगायचंच." त्यांनी काठी उचलली आणि पुढच्या फांदीकडे नजर टाकली. "बिल्ली खाली आल्यावर सांगायचं."